मंदावलेल्या मोडेमचे निदान आणि प्रवाह-नियंत्रण

डायल-अप मोडेमवरील माहितीवहन मंदावले की दोष बहुधा दूरध्वनीच्या तारेवर टाकला जातो आणि लाइनमनची वाट पाहण्यात आठवडा जातो. प्रत्यक्षात संगणकाच्या आतून निघालेले अक्षर दूरच्या यंत्रापर्यंत पोहोचेपर्यंत त्याला अनेक निरनिराळे टप्पे ओलांडावे लागतात आणि त्यांपैकी कोणत्याही एका टप्प्यावरील अडथळा संपूर्ण वहनाला आपल्या गतीवर आणून ठेवतो. मोडेम हे संगणकातील अंकीय संकेत ध्वनीच्या लहरींवर चढवणारे आणि पलीकडून आलेल्या लहरींवरून ते पुन्हा उतरवून घेणारे उपकरण आहे. त्याच्या एका बाजूला संगणकाचा पोर्ट असतो, दुसऱ्या बाजूला दूरध्वनीची तांब्याची जोडतार असते आणि या दोन बाजूंचे वेग सहसा सारखे नसतात. मंदगतीच्या बहुसंख्य तक्रारींचे मूळ या विषमतेत असते.

बुऱ्हाणपूरच्या वाचकाला ही रचना समजावून घेण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. अब्दुर्रहीम खानखाना यांच्या काळात, १६१५ मध्ये, तबकुतुल अर्ज या इराणी तज्ज्ञाच्या योजनेनुसार उभारलेल्या कुंडी भंडाऱ्यात सातपुड्याच्या उतारावर मुरलेले पाणी जमिनीखालच्या बोगद्यात गोळा होते आणि कोणत्याही यंत्राशिवाय, केवळ उताराच्या बळावर, एका कुंडीखालून दुसऱ्या कुंडीखाली सरकत शहराकडे येते. पाण्यातील चुनखडीचे थर बोगद्याच्या भिंतींवर साचत जातात आणि एका जागी वाट अरुंद झाली की तिच्या पुढच्या सर्व कुंड्यांना तेवढेच तुटपुंजे पाणी मिळते, मग डोंगरात कितीही पाणी मुरलेले असो. शेवटच्या कुंडीत पाणी कमी दिसले म्हणून शेवटचीच कुंडी उपसत बसणे जसे व्यर्थ, तसेच पडद्यावर फाइल सावकाश उतरते म्हणून केवळ मोडेमचा वेग वाढवत राहणे व्यर्थ ठरते. कुंडी ते कुंडी उतरून पाहणे हाच निदानाचा खरा मार्ग आहे आणि पुढील विवेचन त्याच क्रमाने केले आहे.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा बुऱ्हाणपूर पूर्व निमाड जिल्ह्यातील एक तालुक्याचे गाव होते. स्वतंत्र जिल्हा म्हणून ते अस्तित्वात आले १५ ऑगस्ट २००३ रोजी. मधल्या आठ वर्षांत लहान शहरांतील इंटरनेटचा प्रवास मुख्यतः दूरध्वनीच्या तारेवरूनच झाला. आज घरगुती वापरातून डायल-अप जवळपास निघून गेले असले, तरी त्याच घडणीचे मोडेम वीजमीटरच्या दूरवाचनासाठी, कारखान्यातील नियंत्रकांशी बोलण्यासाठी आणि फॅक्ससाठी वापरात राहिले आहेत, आणि मोबाइलच्या जाळ्यावर चालणारे सिरियल मोडेमही तीच नऊ पिनांची केबल आणि त्याच आज्ञा मानतात. त्यामुळे येथे सांगितलेले ज्ञान कालबाह्य समजण्याचे कारण नाही.

निदानाआधी तीन वेग वेगळे ओळखणे आवश्यक आहे. पहिला वेग संगणक आणि मोडेम यांच्यामधील पोर्टचा, जो वापरकर्ता स्वतः ठरवतो आणि जो बहुधा ५७,६०० किंवा १,१५,२०० बिट प्रतिसेकंद असतो. दुसरा दोन मोडेमांमधील लाइनचा वेग, जो जोडणी होताना ऐकू येणाऱ्या शिट्ट्या आणि घरघरीच्या काळात दोन्ही मोडेम तारेची अवस्था पाहून आपसात ठरवतात. व्ही-३२-बिस मानकात तो जास्तीत जास्त १४,४००, व्ही-३४ मानकात आधी २८,८०० आणि १९९६च्या सुधारणेनंतर ३३,६०० असतो, तर १९९८च्या व्ही-९० मानकात ग्राहकाकडे येणाऱ्या दिशेने कमाल ५६,००० आणि ग्राहकाकडून जाणाऱ्या दिशेने ३३,६०० असतो. तिसरा वेग म्हणजे दर सेकंदाला प्रत्यक्षात पोहोचलेली अक्षरे, आणि वापरकर्त्याच्या कामाचा वेग तोच. ‘कनेक्ट ५७६००’ असा संदेश पाहून आनंदित झालेल्या अनेकांना मोडेमने आपल्याला केवळ पोर्टचा वेग सांगितला आहे हे उमगत नाही. रॉकवेल घडणीच्या मोडेमांत ‘एटीडब्ल्यू२’ ही आज्ञा दिल्यावर संदेशात लाइनचा वेग दिसू लागतो. (येथे देवनागरीत छापलेल्या आज्ञा कळफलकावर त्याच उच्चाराच्या रोमन अक्षरांनी द्याव्यात.)

अपेक्षा किती ठेवावी याचा हिशेब सोपा आहे. पोर्टवरून प्रत्येक अक्षर आठ बिट, एक आरंभ बिट आणि एक अंत बिट असे दहा बिटांचे जाते, म्हणून ५७,६००च्या पोर्टवरून सेकंदाला ५,७६० अक्षरे जाऊ शकतात. लाइनवर मात्र व्ही-४२ ही दोषसुधारणा चालू असेल तर आरंभ आणि अंत बिट गळून पडतात आणि २८,८००च्या जोडणीवर सेकंदाला सुमारे ३,६०० अक्षरांची कमाल मिळते. म्हणजे आधीच आवळलेली एक मेगाबाइटची फाइल उतरण्यास किमान पाच मिनिटे लागणारच. साधा मजकूर व्ही-४२-बिस या आकुंचनपद्धतीमुळे यापेक्षा वेगाने येतो, कारण ती अनुकूल मजकुराचा आकार चौथ्या हिश्श्यापर्यंत आणू शकते. झिप फाइल किंवा छायाचित्र आधीच आवळलेले असल्याने तिथे हा लाभ होत नाही. त्यामुळे मजकूर भराभर येतो आणि चित्र रेंगाळते ही तक्रार मुळात तक्रारच नव्हे. हिशेबाने आलेल्या आकड्याच्या नऊ-दशांश गती मिळत असेल तर शोध तिथेच थांबवावा.

आता प्रवाह-नियंत्रणाकडे वळता येईल. वरील उदाहरणात संगणक मोडेमला सेकंदाला ५,७६० अक्षरे देतो आणि मोडेम लाइनवर ३,६०० सोडू शकतो, म्हणजे दर सेकंदाला सुमारे २,१६० अक्षरे मोडेमच्या साठवणीत अडकून राहतात. ही साठवण काही हजार अक्षरांचीच असल्याने ती थोड्याच वेळात तुडुंब भरते. ‘जरा थांब’ आणि ‘आता सोड’ असे सांगण्याची सोय नसेल तर पुढची अक्षरे वाहून जातात, फाइलचा तो तुकडा सदोष ठरतो, तो पुन्हा पाठवावा लागतो आणि तोही पुन्हा सांडतो. लाइनवरील व्ही-४२ दोषसुधारणा याला काहीच करू शकत नाही, कारण सांडलवंड लाइनवर होतच नाही, ती मोडेमच्या उंबरठ्यावर होते. हा मुद्दा नीट लक्षात आला तर निम्मे निदान झाले असे समजावे.

थांबण्याची सूचना देण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत सूचना माहितीच्याच प्रवाहात मिसळून जाते: १९ क्रमांकाचे नियंत्रण-अक्षर आले की थांबायचे आणि १७ क्रमांकाचे आले की पुन्हा सुरू करायचे. कळफलकावरील कंट्रोल-एस आणि कंट्रोल-क्यू ही तीच अक्षरे असून या पद्धतीला एक्स-ऑन एक्स-ऑफ म्हणतात. केवळ मजकूर वाचायचा असेल तर ती चालते, परंतु चित्र, प्रोग्राम किंवा झिप फाइलमध्ये १९ क्रमांकाचे अक्षर माहिती म्हणूनच येते आणि मोडेम त्याला सूचना समजून थबकतो. फाइल दर वेळी नेमक्या त्याच ठिकाणी येऊन थिजत असेल तर याच कारणाचा संशय प्रथम घ्यावा. दुसऱ्या पद्धतीत सूचनेसाठी दोन स्वतंत्र तारा राखून ठेवलेल्या असतात: आर-टी-एस या तारेवरून संगणक मोडेमला आणि सी-टी-एस या तारेवरून मोडेम संगणकाला आपण घेण्यास सिद्ध आहोत की नाही ते कळवतो. माहितीशी तिचा कोणताही संबंध येत नसल्याने फायलींच्या देवाणघेवाणीसाठी हीच पद्धत निःसंशयपणे श्रेष्ठ आहे आणि दोन्ही पद्धती एकाच वेळी चालू ठेवण्याची सवय मोडून काढली पाहिजे.

ही निवड मोडेम आणि संगणक या दोन्ही ठिकाणी स्वतंत्रपणे करावी लागते, आणि एकीकडे एक व दुसरीकडे दुसरी राहून जाणे हा सर्वांत जास्त आढळणारा दोष आहे. मोडेमच्या आज्ञांना हेज कंपनीच्या १९८१ सालच्या स्मार्टमोडेमचा वारसा आहे, पण प्रवाह-नियंत्रणाच्या आज्ञा प्रत्येक निर्मात्याने आपापल्या बसवल्या. रॉकवेल घडणीच्या मोडेमांत ‘एटी&के३’ ही आज्ञा तारांवरील नियंत्रण चालू करते आणि ‘एटी&के४’ अक्षरांवरील; यूएस रोबोटिक्सच्या मोडेमांत त्याच कामासाठी ‘एटी&एच१&आर२&आय०’ असा क्रम द्यावा लागतो किंवा ‘एटी&एफ१’ या एकाच आज्ञेने तारांवरील नियंत्रणाची संपूर्ण घडी बसवता येते. जोडणी कोणत्याही वेगाने झाली तरी पोर्टचा वेग अचल राहावा यासाठी यूएस रोबोटिक्समध्ये ‘&बी१’ द्यावे; तसे न केल्यास १४,४००ची जोडणी होताच मोडेम पोर्टचाही वेग खाली आणतो आणि आकुंचनाचा सारा लाभ हातचा जातो. शेवटी ‘एटी&डब्ल्यू’ने मांडणी जतन करावी. संगणकाच्या बाजूस विंडोजमधील मोडेमच्या गुणधर्मांत ‘हार्डवेअर’ प्रवाह-नियंत्रण निवडावे आणि लिनक्समध्ये पोर्टसाठी व पीपीपी या इंटरनेट-जोडणीच्या पद्धतीसाठी ‘सीआरटीएससीटीएस’ हा पर्याय द्यावा.

पीपीपीच्या संदर्भात एक सहज निसटणारी गोष्ट सांगितली पाहिजे. ही पद्धती मधल्या यंत्रांचा गैरसमज होऊ नये म्हणून सुरुवातीस सर्व ३२ नियंत्रण-अक्षरे दोन-दोन अक्षरांच्या सांकेतिक रूपात पाठवते. आवळलेल्या फाइलमध्ये २५६ पैकी ही ३२ अक्षरे सरासरीने येत असल्याने पोर्टवरील माहितीचा आकार सुमारे साडेबारा टक्क्यांनी फुगतो. तारांवरील नियंत्रण पक्के बसल्याची खात्री झाल्यावर लिनक्समध्ये ‘असिंकमॅप ०’ असे सांगून हा भार उतरवता येतो.

मांडणी बरोबर असूनही नियंत्रण लागू पडत नसेल तर केबल तपासावी. बाजारात आणि कारखान्यांत हाताने बांधलेल्या अनेक केबलींत केवळ तीनच तारा असतात: पाठवण्याची, घेण्याची आणि सामाईक भूमीची. अशा केबलवर संवाद सुरू होतो, आज्ञांना उत्तरेही येतात, त्यामुळे ती निर्दोष वाटते. पण थांबण्याची सूचना नेणाऱ्या ताराच तिच्यात नसतात. नऊ पिनांच्या जोडात आर-टी-एस सातव्या आणि सी-टी-एस आठव्या पिनेवर असते, तर पंचवीस पिनांच्या मोडेमवर ती अनुक्रमे चौथ्या आणि पाचव्या पिनेवर असते. मल्टिमीटरने या दोन तारांची सलगता पाहण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. मोडेम चालू असताना भूमी-पिन आणि सी-टी-एस यांच्यामध्ये तीन ते पंधरा व्होल्टचा धन दाब असेल तर ‘पाठव’, आणि तेवढाच ऋण दाब असेल तर ‘थांब’ असा त्याचा अर्थ होतो. यूएसबीचे रूपांतरक वापरणाऱ्यांनी ते या दोन तारा खरोखर चालवते की केवळ पिना दाखवते याची खात्री करून घ्यावी.

संगणकाच्या आतील पोर्टची चिप ही त्यापुढची कुंडी. जुन्या ८२५० आणि १६४५० चिपांत आलेले एकच अक्षर ठेवण्याची जागा असते आणि १,१५,२००च्या वेगावर पुढचे अक्षर ८७ मायक्रोसेकंदांत येऊन ठेपते. तेवढ्यात प्रोसेसरने आधीचे उचलले नाही तर ते पुसले जाते. १६५५०ए या चिपेत सोळा अक्षरांची रांग असल्याने हीच सवड सुमारे १.४ मिलिसेकंदांपर्यंत मिळते. येथे ध्यानात घ्यायचे ते असे की हा दोष प्रवाह-नियंत्रणाने बरा होत नाही, कारण आर-टी-एस खाली ओढण्याचे काम चालक-प्रणाली करते आणि ती तसे करते आपली स्वतःची साठवण भरत आली तेव्हा. चिपेच्या दारातच अक्षर हरवले तर तिला त्याचा पत्ताही लागत नाही. उपाय दोनच: चिप बदलावी किंवा पोर्टचा वेग ३८,४००वर आणावा. प्रोसेसरकडूनच सारे काम करवून घेणाऱ्या स्वस्त अंतर्गत मोडेमांत, ज्यांना विनमोडेम म्हणतात, पोर्टच नसल्याने हा सगळा विचार गैरलागू आहे. तिथे पार्श्वभूमीस चालणारे जड प्रोग्राम बंद करून पाहावे.

या टप्प्यापर्यंतचा दोष कोणत्या बाजूस आहे हे दोन चाचण्यांनी ओळखता येते. आधी एक झिप फाइल पाठवून पाहावी. त्यात चुका येऊन तुकडे पुन्हा पुन्हा जाऊ लागले तर मोडेमची थांबण्याची सूचना संगणकापर्यंत पोहोचत नाही, म्हणजे सी-टी-एसची बाजू सदोष आहे. नंतर भरपूर पुनरावृत्ती असलेली एक मोठी मजकूर-फाइल उतरवून पाहावी. मोडेम तिचे आकुंचन सोडवून ती पोर्टच्या पूर्ण वेगाने संगणकावर ओतत असल्याने या वेळी चुका आल्यास आर-टी-एस किंवा पोर्टची चिप यांचा संशय घ्यावा. दोन्ही वेळा एकही चूक नाही आणि तरीही गती कमी आहे, असे असेल तरच तारेकडे वळावे.

तारेची परीक्षा कानाने सुरू करावी. फोन उचलून एक अंक दाबला की डायल टोन थांबतो आणि त्या शांततेत लाइनची खरी अवस्था ऐकू येते: सलग घुमणारी गुणगुण जोडतारेचा तोल बिघडल्याचे किंवा कुठेतरी जमिनीशी संपर्क झाल्याचे लक्षण असते, तर थांबून थांबून येणारी खरखर सैल किंवा ओलसर सांध्याची. मोडेम सरळ भिंतीवरच्या रोझेटला जोडून, घरातील समांतर फोन आणि लांबवलेल्या तारा पूर्णपणे सोडवून पुन्हा जोडणी करावी. एवढ्यानेच वेग वाढला तर दोष घरात आहे. रोझेटमधील स्क्रूंवर चढलेला हिरवट गंज पावसाळ्यात हमखास त्रास देतो. तिथून खांबावरच्या डीपी बॉक्सपर्यंत आणि पुढे दूरध्वनी केंद्रापर्यंतचा भाग लाइनमनचा आहे, पण त्याला ‘नेट सावकाश चालते’ असे सांगण्याऐवजी ‘डायल टोन बंद केल्यावर खरखर येते, समांतर फोन काढूनही येते’ असे सांगितले तर त्याला नेमके काय शोधायचे ते कळते. फोनवर दाब असतो याचे भान ठेवावे. शांत लाइनवर तो सुमारे ४८ व्होल्ट, पण घंटी वाजताना बराच अधिक आणि झटका देणारा असतो.

सदोष तारेवर मोडेम एकच एक वेग धरून बसत नाहीत. ते अधूनमधून संभाषण थांबवून तारेची नव्याने पारख करतात आणि त्या काही सेकंदांत एकही अक्षर सरकत नाही. वहन झटक्याझटक्याने होते, मध्ये दीर्घ विराम येतात, पण फाइलमध्ये चुका मात्र आढळत नाहीत, अशी त्याची खूण आहे. यूएस रोबोटिक्सच्या मोडेममध्ये जोडणी तुटल्यावर ‘एटीआय६’ दिल्यास पुन्हा पाठवलेल्या तुकड्यांची संख्या दिसते. अशा तारेवर कमाल वेग मुद्दाम उतरवून ठेवणे शहाणपणाचे आहे: वारंवार अडखळणाऱ्या ३३,६००पेक्षा अखंड चालणारे २४,००० केव्हाही अधिक काम उरकते. कॉल वेटिंगची सोय असल्यास जोडणीपूर्वी ती बंद करावी. डायल टोनच ओळखला जात नसेल तर ‘एटीएक्स३’ द्यावे. भारतातील डायल टोन अमेरिकेतील टोनपेक्षा वेगळा असल्याने परदेशी मांडणीचे मोडेम येथे तो न ओळखताच थांबून राहू शकतात.

काही मार्गांवर मोडेमचा उपाय चालतच नाही. व्ही-९०चा वेग मिळण्यासाठी केंद्रापासून सेवादात्यापर्यंतचा मार्ग पूर्णपणे अंकीय असावा लागतो. मध्ये एकदाही अतिरिक्त रूपांतर झाले तर जोडणी व्ही-३४च्या मर्यादेत येते. बिनतारी स्थानिक जोडणीत आवाज ३२ किलोबिटमध्ये आवळला जात असेल तर ९,६००च्या पुढे जाणे कठीण असते. तांब्याच्या जागी ऑप्टिकल फायबर आल्यावर त्याच्या पेटीतून निघणाऱ्या फोनच्या सॉकेटला मोडेम जोडला, तर आवाज तुकड्यांत जातो आणि एखादा तुकडा हरवला किंवा उशिरा आला तरी कानाला ते जाणवत नाही, मोडेमची लय मात्र तुटते. तिथे वेग १४,४०० किंवा त्याखाली बांधून पाहावा आणि तोही टिकला नाही तर मार्गच बदलावा.

दूरच्या टोकाचा विचार थोडक्यात आटोपतो. एक्समोडेम ही १९७७ची फाइल-पद्धती दर १२८ अक्षरांनंतर पोच मिळण्याची वाट पाहते, त्यामुळे दोषसुधारणेचा विलंब असलेल्या लाइनवर तिचा निम्मा वेळ वाट पाहण्यातच जाऊ शकतो. १९८६च्या झेडमोडेममध्ये ही अट नाही, म्हणून शक्य तिथे तीच निवडावी. इंटरनेटवर फाइल उतरत असताना इतर कामे खोळंबत असतील तर पाकिटाचा कमाल आकार १,५०० वरून ५७६ अक्षरांवर आणावा, कारण २८,८००च्या लाइनवर मोठे पाकीट सुमारे चार-दशांश सेकंद वाट अडवून धरते.

प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट बदलावी, तीच फाइल पुन्हा पाठवावी आणि लागलेले सेकंद कागदावर लिहून ठेवावेत; एकाच वेळी केबल, आज्ञा आणि वेग बदलणाऱ्याला सुधारणा झाली तरी ती कशामुळे झाली हे कळत नाही. मांडणी जुळून आल्यावर ‘एटी&व्ही’ या आज्ञेने (यूएस रोबोटिक्समध्ये ‘एटीआय४’ने) पडद्यावर येणारी संपूर्ण यादी उतरवून घ्यावी आणि तो कागद मोडेमच्या तळाशी चिकटवावा. पावसाळ्यात आभाळ गडगडू लागताच विजेचा प्लग आणि रोझेटमधील तार ही दोन्ही काढून ठेवावीत, कारण फोनच्या तारेवरून आलेल्या विजेच्या लोटाने जळालेला मोडेम कोणत्याही आज्ञेने पुन्हा बोलता होत नाही.